कृष्णातने वाखाणलेली चकली

विष्णुपंतांचे जगाशी पटत नसे, आणि त्यात दोष जगाचाच आहे याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. साताऱ्यातल्या त्यांच्या घरापुढचा रस्ता वर्षातून दोनदा खणला जाई. एकदा नळ टाकण्यासाठी आणि एकदा तो नळ चुकीच्या जागी टाकला गेला म्हणून. त्यावर त्यांनी नगरपालिकेला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि एका दैनिकाच्या संपादकांना जी पत्रे लिहिली, ती व्याकरणाच्या आणि युक्तिवादाच्या दृष्टीने निर्दोष होती. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षिणार? त्या पत्रांना उत्तर मात्र कधी आले नाही. पन्नाशी ओलांडल्यावर हा अनुभव माणसाला एक तर संत करतो किंवा कडवट. विष्णुपंत संत झाले नाहीत.

अशा घरी दर शनिवारी सायंकाळी कोपऱ्यावरून दुचाकीचा कर्कश भोंगा वाजे आणि त्यांची पत्नी चारुलता हातातले काम टाकून चहाचे आधण ठेवी. भोंगा वाजवणारा कृष्णात. शिरवळच्या एका कारखान्यात तो यंत्रांची देखभाल करी, आणि शनिवारी पहिली पाळी संपली की आईबापांना भेटायला सांगलीजवळच्या माधवनगरला निघे. वाटेत सातारा लागतो, आणि साताऱ्यात काका-काकू राहतात. तेव्हा न थांबणे हा त्याच्या मते फौजदारी गुन्हा होता.

नाते रक्ताचे नव्हते, शेजाराचे होते. विष्णुपंत सांगलीत नोकरीला असताना माधवनगरात भाड्याने राहत, आणि भिंतीपलीकडे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले जोतिबा, त्यांची पत्नी मनुबाई आणि दोन मुले. त्यांतला थोरला हा. त्या काळी गल्लीतला विजेचा दिवा महिनोन्महिने बंद असे. विष्णुपंत वीज कार्यालयाला तिसरा अर्ज लिहीत बसलेले असताना शाळकरी कृष्णात दारात येऊन उभा राहिला.

"काका, काय लिवताय?"

"दिवा लागत नाही, त्याचा अर्ज."

"आवं, त्याला अर्ज कशाला? लाथ घातली की लागतोय की."

तो गेला, खांबाला एक सणसणीत लाथ घातली, आणि दिवा लागला. विष्णुपंतांनी अर्ज फाडला नाही. त्यांनी विषय बदलला: 'सार्वजनिक दिवा लाथ मारल्याखेरीज प्रज्वलित होत नसल्याबाबत.' हा किस्सा पुढे कृष्णात आयुष्यभर सांगत राहिला, आणि दर वेळी त्यात लाथेची उंची वाढत गेली.

विष्णुपंतांची बदली साताऱ्याला झाली तरी हा दुवा तुटला नाही. त्यांच्या मुलीच्या, वल्लरीच्या लग्नात कृष्णात वाढपी म्हणून उभा राहिला आणि बघता बघता मांडवाचा सेनापती झाला. पुण्याकडचे व्याही प्रत्येक पदार्थाला नाक मुरडत होते. कृष्णात जिलेबीची परात घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "पाव्हणं, आमच्याकडं रीत हाय. व्याह्यानं नको म्हटलं की दोन वाढायच्या, पुरे म्हटलं की चार." व्याही काही बोलायचेच थांबले. तेव्हा तो म्हणाला, "गप बसलं तर सहा." मंडप हसला, आणि पुढच्याच क्षणी व्याहीही हसले. अशी रीत सातारा-सांगलीत कुठेच नाही; ती त्याने त्या पाटावर बसल्या बसल्या जन्माला घातली होती.

जतला त्याची आत्या असे. कर्नाटकाच्या सीमेवरचा तो मुलूख. तिच्याकडून तो 'जेवलास का' असे विचारणारे एकच कानडी वाक्य शिकून आला होता. त्या एका वाक्यावर तो अख्खा महामार्ग जिंकी. विष्णुपंतांच्या दारात शिरस्त्राण काढता काढता तो ओरडे, "काकू, ऊटा आयता?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणे उघडू लागे.

चहा झाला की दरबार भरे. विष्णुपंतांनी आठवड्यात लिहिलेली तक्रार मोठ्याने वाचायची आणि कृष्णातने अधिकारी व्हायचे, असा तो खेळ होता. तो खुर्चीत मागे रेलून पाय लांब करी, कानात काडी घाली आणि अर्ध्या वाक्यावर हात वर करून म्हणे, "सायेब मीटिंगमध्ये हायेत. बुधवारी या."

"अरे, अधिकारी तूच आहेस ना?"

"म्हंजी मीच मीटिंगमध्ये हाय. तुमास्नी दिसतोय ती माझी खुर्ची."

विष्णुपंत चिडत, युक्तिवाद अधिक धारदार करत, पुन्हा वाचत. शेवटी कृष्णात उभा राहून सलाम ठोकी. "काका, अर्ज एक नंबर झालाय. काम हुनार न्हाई, पन वाचनारा घाम पुसंल." त्या एका तासात विष्णुपंतांच्या कपाळावरची आठी सुटलेली असे. चारुलता हे आतून पाही आणि काही बोलत नसे; बोलले की आठी परत येते हे तिला संसाराने शिकवले होते.

जूनमधल्या एका शनिवारी भोंगा वाजला नाही. पहिली पाळी संपल्यावर निघण्यापूर्वी तो मित्रांबरोबर कारखान्याच्या मैदानात व्हॉलीबॉल खेळत होता. कोणाच्या तरी चुकलेल्या फटक्यावर खदखदून हसला, दम लागला म्हणून रेषेबाहेर बसला, आणि उठलाच नाही. हृदय थांबले, असे डॉक्टरांनी सांगितले. वय एकोणतीस. व्यसन नाही, आजार नाही. चढावर दुचाकी बंद पडली तर ढकलत नेणारा गडी. विष्णुपंत तीन दिवस सुन्न होते. चौथ्या दिवशी सवयीने त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, वर 'प्रति,' असे लिहिले, आणि पुढे कोणाचे नाव घालावे हे न सुचून तो कागद तसाच राहिला.

माधवनगरच्या चौकात त्याच्या छायाचित्राचा फलक लागला. छायाचित्र लहान आणि ते लावणाऱ्या नेत्यांची छायाचित्रे मोठी, ही आपल्याकडील शोकाची प्रमाणबद्धता. खाली लिहिले होते, 'शांत, संयमी व मितभाषी व्यक्तिमत्त्व.' विष्णुपंतांनी तो मजकूर दोनदा वाचला. आयुष्यात मितभाषी ही शिवी कृष्णातला कोणी दिली नव्हती.

तेराव्याला सुतक फिटले, गोडाचे जेवण झाले. रिवाजाप्रमाणे जवळच्या माणसाने दुःखितांच्या तोंडात गोड घास घालायचा असतो. तो गिळला म्हणजे घर पुन्हा जगाला लागले. जोतिबांनी घास घेतला. कृष्णातच्या धाकट्या बहिणीने, रेश्माने, रडत रडत घेतला. मनुबाईंनी तोंड फिरवले. त्या दिवसापासून त्यांनी गोड वर्ज्य केले, आणि गोडाबरोबर बाकीचेही बरेच. गणपती आले नि गेले, दसरा आला नि गेला. त्या घरात तोरण लागले नाही.

दिवाळीच्या तोंडावर रेश्माचा फोन आला. पहिल्या वर्षी दुःखाच्या घरात तळणीची कढई चढत नाही. सोयऱ्यांनी, स्नेह्यांनी फराळ नेऊन त्या घरचा सण उचलायचा, ही त्या भागातली पद्धत. एरवी बायका आधी एकमेकींना विचारतात: तू लाडू कर, मी करंज्या करते, शेव तिच्याकडे.

"काकू, आई म्हनती कुनी कायबी आनू नका, दारातनं परत पाठवीन," रेश्मा म्हणाली. "ती म्हनती, ह्या घरात आता दिवाळी न्हाई, कवाच न्हाई. पन तुमी या. आईनं ह्या साली गोड घेतलं न्हाई तर ती परत कवा घ्यायची न्हाई बगा."

चारुलतेने दुसऱ्याच दिवशी भाजणी दळून आणली आणि चकल्या केल्या. केवळ चकल्या. विष्णुपंतांनी हरकत नोंदवली.

"लाडू नाहीत? करंजी नाही? फराळ हा समुच्चय आहे, एक पदार्थ म्हणजे फराळ नव्हे."

"बाकीचं बाकीच्या आणतील."

"तसे ठरले आहे काय?"

"ठरवायचं कशाला?" म्हणून तिने डब्याचे झाकण गच्च लावले.

गाडी महामार्गाला लागली. तो रस्ता रुंद होतो आहे असे गेली कित्येक वर्षे सांगण्यात येते, आणि रुंद होईपर्यंत तो अरुंद राहणार हे ओघानेच आले. कऱ्हाड मागे पडल्यावर चारुलता डबा मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. कोणाला सांगू नका म्हणून कृष्णातनं शपथ घातली होती."

"आता ती शपथ कालबाह्य आहे. सांग."

"तो म्हणायचा, 'काकू, तुमच्यासारखी चकली दोन्ही जिल्ह्यांत न्हाई.' दर दिवाळीला एक भरलेला डबा घेऊन जायचा. मी म्हटलं, अरे, तुझी आई काय म्हणेल? तर म्हणाला, 'आईची मऊ पडती. तिला मात्र कळू दिऊ नका.'" तिने झाकण चाचपले. "त्याच्या आवडीची म्हणून केली खरी. पण त्याच्या आईसमोर उघडू कशी?"

पस्तीस वर्षांच्या संसारात विष्णुपंतांनी तिच्या चकलीविषयी एकच विधान केले होते, आणि ते तेलाविषयी होते.

माधवनगरला पोहोचले तेव्हा सोप्यात चार बायका आधीच भिंतीला टेकून बसल्या होत्या. जतची आत्या, पेठनाक्याची शेवंता मावशी, कृष्णातचा मित्र ऋषिराज याची मिरजेहून आलेली आई, आणि शिरवळची एक तरुण गृहिणी प्रांजल, जिचा नवरा कृष्णातबरोबर काम करी. प्रत्येकीच्या पुढ्यात डबा होता, आणि कोणीही तो उघडत नव्हते. सगळ्याजणी पदराने घाम पुसत होत्या आणि छताकडे पाहत होत्या. जोतिबा दाराशी खुर्चीत बसले होते. आतल्या चौकटीला टेकून मनुबाई बसल्या होत्या; चेहरा भिंतीकडे.

"कशाला आनलंसा?" त्या न बघताच म्हणाल्या. "सांगितलं हुतं न्हवं? जेवा, पानी प्या, आनि डबं परत न्या."

"अगं, पाव्हणी हायेत," जोतिबा हळूच म्हणाले.

"पाव्हण्यांचा राग न्हाई. दिवाळीचा हाय."

जतच्या आत्याला मौन हा प्रकार सोसत नसे. भाच्याने तो गुण कुठून घेतला हे कळायला तिच्याकडे एकदा पाहणे पुरे होते. तिने डबा खसकन पुढे ओढला.

"परत न्ह्यायचं तर न्हीन, पन पोराच्या नावानं केलंय ती तरी बघशील का न्हाई?" झाकण निघाले. आत काठोकाठ चकल्या.

शेवंता मावशीने डोळे विस्फारले. "आक्का, तुमीबी?" तिने आपला डबा उघडला. चकल्या. ऋषिराजच्या आईने आपला उघडला. चकल्या. प्रांजलने लाजत उघडला, आणि चारुलतेला आता लपवण्याजोगे काही उरले नव्हते. पाच डबे सोप्यात उघडे पडले होते आणि पाचांतही एकच पदार्थ होता.

"आता ह्यात लाडू कुनी आनायचा हुता?" आत्याने दरडावून विचारले.

"मी म्हटलं तुम्ही आणाल," ऋषिराजची आई म्हणाली.

"मला त्यो म्हनायचा..." शेवंता मावशी बोलली आणि मनुबाईंकडे पाहून गप्प झाली.

"काय म्हनायचा?" आत्या.

"ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या काय? 'मावशी, तुझ्यावानी चकली अख्ख्या मुलकात न्हाई, पन कुनाला सांगू नगंस.' ह्योच न्हवं?"

"तुमास्नी कसं म्हाईत?"

"मला आत्या म्हनून सांगितलंन, तुला मावशी म्हनून!"

प्रांजलचा हात तोंडावर गेला. "मला वहिनी म्हणून." आणि चारुलता, जिने कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता, ती एकदम म्हणाली, "लबाड! दोन्ही जिल्ह्यांत नाही म्हणाला होता मला!"

"मला तीन जिल्हे सांगितले," ऋषिराजची आई म्हणाली. "कोल्हापूर धरून."

हसू कोणाच्या तोंडून आधी फुटले ते सांगता येणार नाही. पण ते फुटताच पाचही जणी दचकल्या, कारण मनुबाईंनी चेहरा फिरवला होता. त्या सरकत पुढे आल्या. पहिल्या डब्यातली चकली उचलली, उजेडात धरली, मोडली, जिभेवर ठेवली.

"ही बचत गटाची हाय," त्या म्हणाल्या.

"कसला बचत गट? मी केलीय!" आत्या उसळली.

"मला सांगायचा, आई, शिरवळला बायकांचा बचत गट हाय, तिथनं इकत आनलो." मनुबाईंनी उजवे मनगट पुढे केले. न्हाणीत पडल्या तेव्हा मोडलेले ते हाड वाकडेच जुळले होते. "ह्या हातानं सोऱ्या पिळत न्हाई. बाकी सगळं हुतं, चकली न्हाई हुत. पैल्या दिवाळीला रडले मी सोऱ्या हातात घिऊन. कुनाला कळता कामा न्हाई म्हनलं त्याला. सुभेदाराच्या घरची चकली इकतची, असं नगं कुनी म्हनायला. तवा म्हनला, 'तू गप बस, बंदोबस्त करतो.' आनि डबंच्या डबं यायचं. मी सगळ्यास्नी सांगायची, घरातच केल्यात."

"आनि मी!" आत्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली. "मागल्या दिवाळीत तुझ्याकडं खाल्ली तवा मनात म्हनलं, मनीनं माझी भाजनी हुबेहूब कशी उचलली!"

"लय ओवा असतोय ह्यात," मनुबाई गंभीरपणे म्हणाल्या. "मी सांगितलं हुतं त्याला, त्या गटाच्या बाईला म्हनावं, हात आवर."

"व्हय, व्हय! दोन वर्सांमागं मला म्हनला, 'आत्ये, तुझी चकली म्हंजी चकली, निस्ता ओवा चिमूटभर कमी केलास तर देव खाली उतरंल.' केला की मी कमी!"

चारुलता चारच महिन्यांपूर्वी गेलेल्या त्या मुलाचे शब्द ऐकत असल्यासारखी पुटपुटली, "मला तीळ जरा वाढवायला सांगितले होते."

"ती मीच सांगितलं हुतं," मनुबाई म्हणाल्या. "साताऱ्याकडचा एक गट हाय म्हनायचा, तिथली कोरडी लागती."

आता जोतिबाही हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता. रेश्मा हसता हसता रडत होती. मनुबाई एकेक चकली मोडत होत्या आणि निकाल देत होत्या: ही तिखट, हिला पैला नंबर, ही जाड, ही कुनाची गं, प्रांजल तुझी का, पोरी, तेल तापू देत जा. आणि प्रत्येक निकालावर कोणीतरी ओरडून सांगे की तो तिला कृष्णातच्या तोंडून आधीच पोहोचला आहे, साखरेत घोळून.

विष्णुपंत कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी तक्रारी लिहिल्या. एकही पोहोचली नाही. आणि हा पोरगा दर दिवाळीला पाच घरी पाच तक्रारी घेऊन गेला, पाचही ऐकल्या गेल्या, पाचही घरी सुधारणा झाली, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते सगळे त्याच्यावर खूश राहिले. आपल्या दरबारात अधिकारी होऊन बसणाऱ्या त्या मुलाला खरे तर आपण अर्जदाराच्या जागी बसवायला हवे होते, असे त्यांना वाटून गेले. आणि त्यांना एकदम मोठ्याने हसू आले. सगळ्या बायका वळून पाहू लागल्या. विष्णुपंतांना असे हसताना त्या घरात यापूर्वी फक्त कृष्णातने पाहिले होते.

"सर हसल्यात!" आत्या म्हणाली. मग तिने पदर सावरला आणि आवाज खाली आणला. "ती सगळं खरं. पन मने, तिखट खाऊन सन उचलत न्हाईत. गोड घास पायजे. आनि गोड कुनीच आनलं न्हाई."

पाच डबे, आणि त्यांत साखरेचा कण नाही. रेश्मा आईकडे पाहत होती.

"दुकानातनं आनतो," जोतिबा उठू लागले.

"नगं," मनुबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या मनगट चोळत राहिल्या. समोर बसलेल्या बाया दोन जिल्ह्यांतून, उन्हातून आल्या होत्या, आणि त्यांच्या दारात पाहुण्याचे तोंड कोरडे राहिल्याचे आजवर घडले नव्हते. "रवा हाय घरात. पन दुखाच्या घरात कढई कशी चढवू? सर, तुमी शिकल्यालं. शास्तर काय सांगतंय?"

सगळ्यांची नजर विष्णुपंतांकडे गेली. नियमाचा अपवाद करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वर्ज्य आहे ते तळण," ते म्हणाले. "रवा भाजला जातो, तळला जात नाही. भाजण्यास मनाई असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. कोणाच्या असल्यास त्यांनी आधार दाखवावा."

कोणी आधार दाखवला नाही.

"मग भाजते," म्हणून मनुबाई उठल्या.

आत रव्याचा खमंग वास सुटला. डाव्या हाताने कढईचा कान धरून त्या उजव्या हाताने हलवत होत्या; मध्येच दुखले की हात बदलत होत्या. शेवंता मावशी मदतीला गेली तर तिला बाहेर हाकलले. बशीतला शिरा घेऊन त्या सोप्यात आल्या आणि बशी चारुलतेच्या हातात देऊन खाली बसल्या.

चारुलतेने चिमूटभर शिरा उचलला. "मनुताई," ती म्हणाली, आणि घास पुढे केला.

मनुबाईंनी तोंड उघडले. घास घेतला, डोळे मिटून चावला, आणि गिळला. डोळ्यांतून पाणी ओघळत होते, ते त्यांनी पुसले नाही.

"रेश्मा," त्या म्हणाल्या, "माळ्यावरचा आकाशकंदील काढ. धूळ झाडून लाव."

रेश्मा उठायच्या आत जोतिबा शिडी आणायला परसात गेलेही होते.